मावशी: येते

माझी आई सगळ्यांना सांगते, मुलगी कॅशला आहे. त्यामुळे वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांची समजूत आहे की मी बँकेत काचेमागे बसून नोटा मोजते. लोक माझ्याकडे सुट्टे मागायला येतात. सुरुवातीला मी आईला समजवायला गेले होते की, आई, ती कॅश वेगळी, माझी कॅश वेगळी, माझी कॉम्प्युटरमधली, आणि मी तिची लायब्ररी लिहिते. तेव्हा ती म्हणाली, "एकदा कॅश म्हणतेस, एकदा लायब्ररी म्हणतेस. नक्की बँकेत आहेस का वाचनालयात, ते आधी ठरव." त्यानंतर मी तो नाद सोडला.

तुम्हाला मात्र सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मीठ, तिखट, चहाचा डबा आपण माळ्यावर ठेवत नाही, ओट्यावर हाताशी ठेवतो. कॉम्प्युटरही तेच करतो. लांबून आणलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवतो, त्या जागेला कॅश म्हणतात. ठेवणं कुणालाही जमतं. ठेवलेलं शिळं कधी झालं, ते टाकायचं कुणी, आणि काम संपल्यावर आवरून दिवा कुणी घालवायचा, हे कुणाला जमत नाही. हे करणारा तयार कोड मी लिहिते, दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्राममध्ये वापरायला; त्याला लायब्ररी म्हणतात, आणि त्यावर गेली अकरा वर्षं माझं पोट चालतंय. आई तीस वर्षं महापालिकेच्या सफाई खात्यात होती. हे सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "म्हणजे तूसुद्धा कचराच उचलतेस?" मी हो म्हटलं. मग एवढं शिकवलं कशाला, असं ती म्हणाली नाही, पण कोपऱ्यातल्या झाडूकडे एकदा बघितलं.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. इमारत पूर्वी खिळे-स्क्रूंच्या कारखान्याची होती. आता तिथे काचेची दारं आणि भिंतींवर प्रेरणादायी वाक्यं आहेत. पॅन्ट्रीत एक मोठा फ्रिज होता आणि त्या फ्रिजला मावशी होत्या. खरं म्हणजे मावशी सगळ्या ऑफिसला होत्या, पण चहा मशीनकडे गेला, फरशी यंत्राकडे गेली, आणि हळूहळू त्यांच्याकडे टेबलं, कप आणि फ्रिज एवढंच राहिलं. दर शुक्रवारी चार वाजता त्या फ्रिज उघडायच्या. एकेक डबा काढून झाकण उघडायच्या, वास घ्यायच्या, शिळं असेल ते टाकून डबा घासायच्या आणि खिडकीत उपडा ठेवायच्या. सोमवारी ज्याचा त्याने उचलायचा. कुठला डबा कुणाचा, हे त्यांना विचारावं लागत नसे. लोणचं मरत नाही, दही मरतं, असा त्यांचा नियम होता. एक जण दर गुरुवारी पपई आणून ठेवायचा आणि सोमवारी खायचा. त्या पपईला त्या हात लावत नसत.

कोडमध्ये अशा कामाला बॅकग्राउंड थ्रेड म्हणतात. मुख्य काम पुढे चालू असतं आणि हा मागच्या बाजूला, ठरलेल्या वेळी उठून, शिळं झालेलं उचलत राहतो. आमच्या लायब्ररीतल्या अशा थ्रेडला काहीतरी नाव द्यायचं होतं. लोक 'स्वीपर', 'क्लीनर' वगैरे देतात. मी 'मावशी' दिलं. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

तर एका वर्षी एका ग्राहकाकडून तक्रार आली. त्यांचा प्रोग्राम काम संपवायचा, पण बंद व्हायचा नाही. बघितलं तर खोड आमचीच. कुणी नवी कॅश उघडली की तिच्यासाठी एक नवी मावशी कामाला लागायची. काम झाल्यावर ती कॅश बंद करायची असते, तसं आम्ही कागदोपत्री लिहिलंही होतं. पण बंद करतो कोण? मंडळी उघडायची, वापरायची आणि विसरायची. मग रिकाम्या कॅशमध्ये त्या शेकडो मावश्या दर मिनिटाला उठून झाडायच्या आणि परत बसायच्या. त्या असेपर्यंत घर बंद करता येत नाही, म्हणून प्रोग्राम लटकलेला. मी तक्रार वाचून हसले आणि मग दोन महिने रडले.

शेवटी दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की मावशी नसल्या तरी चालेल अशी सोय केली. कॅशमध्ये जो कुणी काही ठेवायला किंवा घ्यायला येईल, त्याने जाता जाता थोडं शिळं उचलून टाकायचं. वेगळं माणूस नकोच. दुसरी अशी की ज्यांना मावशी हव्यातच, त्यांच्यासाठी निरोप देण्याची नीट पद्धत बसवली. आधी मावशींना सांगायचं की आता थांबा. मग हातात असेल ते त्यांना पुरं करू द्यायचं. त्यासाठी पाच सेकंद वाट बघायची. मग दार लावायचं.

त्या पाच सेकंदांवरून माझं टीममध्ये भांडण झालं. वाट बघायची कशाला, सरळ मारून टाक, असं सगळ्यांचं म्हणणं. मला राग पटकन येतो. "हातातलं काम अर्धवट टाकायला लावून कुणाला उठवायचं नसतं," मी म्हटलं, "निदान पाच सेकंद तरी थांबा ना! काय ट्रेन चुकतेय तुमची?" आवाज इतका चढला की बाजूच्या खोलीतली मुलाखत थांबली. शेवटी पाच सेकंद कोडमध्ये राहिले. कॉम्प्युटरच्या हिशेबाने पाच सेकंद म्हणजे वर्ष-दोन वर्षांची पगारी रजा. मला माझ्या माणुसकीचं फार कौतुक वाटलं.

थ्रेड बंद होताना तो गेल्याची एक ओळ प्रोग्रामच्या नोंदवहीत उमटावी लागते. मी तिथे रोमन अक्षरांत लिहिलं, 'मावशी: येते'.

आठवड्याभरात ग्राहकाच्या इंजिनिअरकडून नवी तक्रार आली. तो दक्षिणेतला, मराठीचा गंध नाही. त्याने ती ओळ फोनवर भाषांतर करून बघितली होती. तक्रारीचं शीर्षक असं, 'बंद केल्यावर आत्या की मावशी कुणीतरी येत आहे.' खाली गंभीरपणे लिहिलेलं की आम्ही थ्रेड थांबवायला सांगतो आणि तो उलट येतो म्हणून कळवतो, म्हणजे दुरुस्ती झालेली नाही.

मी त्याला चार परिच्छेदांची मेल लिहिली. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'जाते' म्हटलं तर घरातली मोठी माणसं अंगावर येतात. दारातून बाहेर पडणारी बाई 'येते' म्हणते आणि आतला माणूस 'या' म्हणतो, आणि दोघांनाही ठाऊक असतं की ही जातेय. परत कधी येणार, येणार की नाही, हे ऐकणाऱ्याने प्रसंग बघून ओळखायचं असतं. तेव्हा तुमच्या नोंदवहीत 'येते' दिसलं तर थ्रेड गेला असं समजावं. शेवटच्या परिच्छेदात मी संस्कृतीविषयी दोन वाक्यंही टाकली होती. त्याने उत्तरात एक अंगठा पाठवला आणि कागदपत्रांत तसं लिहा म्हणाला. ते वाक्य अजून तिथे आहे.

या पराक्रमाचं सगळ्या ऑफिससमोर सादरीकरण करायचं ठरलं. टेक्निकल नसलेली माणसंही येणार, म्हणून मी सोपं उदाहरण शोधलं. ते पॅन्ट्रीतच उभं होतं. मी फ्रिजचा फोटो काढला, पडद्यावर लावला आणि म्हटलं, ही आपली कॅश. दर शुक्रवारी मावशी येतात, त्या आपला बॅकग्राउंड थ्रेड. लोक हसले. मावशी दारात कप गोळा करायला उभ्या होत्या. पडद्यावर फ्रिज बघून त्याही हसल्या. "माझा फ्रिज!" म्हणाल्या. मी पुढे म्हटलं, पण समजा आपल्यातल्या प्रत्येकाने फ्रिज उघडताना एक शिळी वस्तू बाहेर काढली, तर? तर वेगळा थ्रेड लागतच नाही. टाळ्या पडल्या. मी मावशींकडे बघून हात केला, त्यांनी ट्रे सांभाळत मान हलवली.

पहिल्या रांगेत ॲडमिनचे साहेब बसले होते. डोंबिवलीचे, निवृत्तीला आलेले, शुद्ध बोलणारे आणि काटकसरीत मुरलेले. एरवी आमच्या सादरीकरणात ते डोळे मिटून बसत. त्या दिवशी त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर मला म्हणाले, "फार सुंदर विषय मांडलास. तांत्रिक असूनही मला समजला." मी हुरळून गेले.

तीनेक आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी मी पाणी प्यायला पॅन्ट्रीत गेले, तर फ्रिजवर सूचना लावलेली. 'फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकाने एक शिळी वस्तू बाहेर काढावी. आपली स्वच्छता, आपली जबाबदारी.' माझंच वाक्य. माझं वाक्य छापून फ्रिजवर लागलं म्हणून मला आनंद झाला, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. मी तिचा फोटोही काढला.

त्या दिवशी सकाळी मावशी माझ्या टेबलाशी येऊन गेल्या होत्या. त्या खडवलीहून यायच्या. पावसाळ्याच्या तोंडावर तिकडे रानात शेवळं उगवतात. भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं ही आंबट रानफळं घालावी लागतात, आणि हे जमणारी माणसं आता थोडी. माझ्या आईला ती भाजी फार आवडते, असं मी कधीतरी बोलले असेन. "ताई, आईसाठी शेवळं आणलीत. फ्रिजात खालच्या फळीवर ठेवलाय डबा, आठवणीनं न्या," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

पाचच्या सुमारास त्या परत आल्या. मी कानात हेडफोन घालून ग्राहकाशी बोलत होते, त्या थ्रेडबद्दलच. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्यांची पर्स दिसली. काही वेळाने मी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "येते हं, ताई," त्या म्हणाल्या. "हो मावशी, या," मी म्हटलं आणि हेडफोन परत लावला.

सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मला वाटलं, पाऊस, पाहुणे, काहीतरी असेल. बुधवारी कागदी कपांची खोकी आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तशीच ॲडमिनच्या साहेबांकडे गेले.

"त्यांना शुक्रवारी थांबवलं," ते शांतपणे म्हणाले. "कंत्राटदाराला कळवलं होतं."

"त्यांना कधी सांगितलं?"

"शुक्रवारीच. दुपारी तीनला."

"म्हणजे दोन तास आधी? इतकी वर्षं काम केलेल्या बाईला दोन तास?"

"अगं, तुझीच तर कल्पना!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "वेगळं माणूस लागतच नाही, असं तूच सिद्ध केलंस. मला तर पटलं बुवा."

मी पुष्कळ बोलले. ते उदाहरण होतं म्हटलं, फ्रिजचं आणि माणसाचं एक नसतं म्हटलं, तेही आवाज चढवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. कागदी कपातून.

माझ्या थ्रेडला मी पाच सेकंद दिले होते आणि त्यासाठी भांडले होते. मावशींसाठी कुणी भांडलं नाही, कारण भांडणारी बाई हेडफोन घालून बसली होती. आणि ज्या शब्दाचा अर्थ मी एका परक्या माणसाला चार परिच्छेद लिहून समजावला होता, तो माझ्या टेबलाशी उभं राहून मला मराठीत सांगितला गेला, तेव्हा मला वाटलं की मावशी सोमवारी येतील. त्या इंजिनिअरला निदान मराठी येत नव्हतं. मला लाज वाटली.

फ्रिजचं व्हायचं तेच झालं. उघडणाऱ्या प्रत्येकाने एक शिळी वस्तू काढायची होती, पण दुसऱ्याचा डबा कोण टाकणार? कोडमध्ये प्रत्येक वस्तूवर तारीख मारलेली असते, फ्रिजमधल्या वाटीवर कुणी मारत नाही. त्यातून पपई कुणीतरी टाकली आणि तिच्यावरून दोन टीममध्ये बोलणं बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात पॅन्ट्रीत उभं राहवेना. मेलवर मेल आल्या, कुणाचा डबा, कुणाचा डबा. शेवटी मीच नाकाला ओढणी लावून एकेक फळी उपसायला बसले. वास खालच्या फळीवरून येत होता. कोपऱ्यात स्टीलचा एक डबा होता. झाकण उघडलं आणि कळलं की ही शेवळं.

डबा मी तीनदा घासला. पॅन्ट्रीत चिंच, राख कुठली, म्हणून पावडर लावली. घासताना झाकणावर कोरलेलं नाव दिसलं, जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरतात तसं. ते मावशींचं नाव होतं. माझ्या थ्रेडला मी त्यांच्यावरून नाव दिलं होतं, आणि त्यांना नाव आहे हे मला त्या दिवशी समजलं.

साहेबांनी त्याच आठवड्यात प्रश्न मुळापासून सोडवला. फ्रिज उचलून नेला. जिथे तो होता तिथे आता एक कुंडी आहे.

घरी मी डबा ओट्यावर ठेवला. आईने तो उलटसुलट बघितला. "कुणाचा?" मी सगळं सांगितलं. तीस वर्षांत तिने कितीतरी बायकांना असं दुपारी सांगून संध्याकाळी घरी पाठवलेलं बघितलं असणार. मग म्हणाली, "भाजी माझ्यासाठी होती ना?"

"हो."

"मग डबा परत कोण करणार? आणि रिकामा नाही नेत कुणाचा." तिने शनिवारी रव्याचे लाडू वळले.

रविवारी सकाळी मी खडवलीला गेले. पत्ता नव्हता, पण आता नाव होतं. स्टेशनबाहेरच्या किराणावाल्याला विचारलं, त्याने बोट दाखवलं. घर रस्त्यापासून आत होतं, पत्र्याची पडवी, पुढे मिरचीची रोपं. मावशी तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, आधी पदर नीट केला, मग हसल्या. "अगं बाई, ताई! एवढ्या लांब?" पाणी दिलं, चहा टाकला. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं. "लाडू! आईनी केले? भाजी आवडली का त्यांना?"

मी खोटं बोलणार होते. पण म्हटलं, "मी न्यायची विसरले मावशी. फ्रिजमध्येच राहिली. खराब झाली."

"हां," त्या म्हणाल्या. "होतं असं. पुढच्या शुक्रवारी मी असते तर काढली असती."

मग मी सांगायला लागले की मला काही ठाऊक नव्हतं, ते नुसतं उदाहरण होतं, मी साहेबांशी भांडले. त्या चहा गाळत ऐकत होत्या.

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ना पडद्यावर दाखवलं, आता वेगळं माणूस नको म्हणून. मी म्हटलं, ताई शिकलेल्या, विचार करूनच बोलल्या असतील. तरी निघताना विचारावं म्हणून आले होते तुमच्याजवळ. तुम्ही बोलत होत्या कानात घालून. मी उभी राहिले जरा."

"किती वेळ?"

"असंल पाचेक मिनिटं. मग गाडीची वेळ झाली."

मी चहा संपवला. मावशींनी लाडू दुसऱ्या डब्यात काढले, आपला डबा विसळला आणि पदराने पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आता कुठे काम आहे का, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं. त्यांनीच आधी विचारलं.

"ताई, परत बोलवतील का हो?"

मला फ्रिजच्या जागेवरची कुंडी दिसत होती. नाही म्हणायला तोंड उघडेना.

"बघते मावशी," मी म्हटलं. "बोलून बघते."

'बघते' म्हणजे काय, हे मावशींना चार परिच्छेदांत समजवावं लागलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डबा फळीवर उपडा ठेवला.